तोळाभर शिसे : अकबराच्या बंदुकीपासून कोल्हापूरच्या चषकापर्यंत

‘बंदूक’ या शब्दाचा मूळ अर्थ बंदूक नाही. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे एक लहान, गोल, कठीण कवचाचे फळ, ज्याला आज आपण हेझलनट म्हणतो. त्या फळासारखी दिसणारी मातीची किंवा धातूची गोळीही पुढे बुंदुक झाली. ती गोळी फेकणारे एक खास धनुष्य होते, आणि ते सांभाळणाऱ्या दरबारी अधिकाऱ्याला ‘बुंदुकदार’ म्हणत. इजिप्तचा मामलुक सुलतान बैबर्स याच्या नावामागे ‘अल-बुंदुकदारी’ असे लागते. तो वारला १२७७ साली. त्याच्या मुलखात तेव्हा आजच्या अर्थाची बंदूक कुणी पाहिलेलीही नव्हती. दारूच्या जोरावर गोळी फेकणारी नळी आली तेव्हा लोकांनी जुनेच नाव तिला दिले.

म्हणजे भाषेच्या लेखी आधी गोळी, मग हत्यार. नेमबाजीच्या खेळातही नेमके हेच खरे आहे. आपले लक्ष लांबलचक नळी, चकाकता दस्ता आणि दुर्बीण यांकडे जाते. खेळणाऱ्याची झोप मात्र एका वेगळ्याच प्रश्नाने उडालेली असते : गोळी किती वजनाची घ्यावी? हा प्रश्न निव्वळ तांत्रिक वाटतो, पण त्याला साडेचारशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात बादशहा आहे, १८५७ आहे, कोल्हापूरचा एक तरुण राजा आहे आणि लोकसभेचे पहिले सभापतीही आहेत. वजन कोण ठरवतो हा प्रश्न त्यात वारंवार समोर येतो.

आधी हिशेब

जगभर गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. आपल्याकडे सोनार गुंजेच्या बीने सोने तोलत, तशीच ही कल्पना. एका पौंडात ७००० ग्रेन बसतात, आणि एका ग्रॅममध्ये साडेपंधराच्या आसपास.

आपल्या जुन्या वजनांशी याचा मेळ अगदी सोपा आहे. १८३३ साली कंपनी सरकारने तोळ्याचे वजन १८० ग्रेन असे पक्के केले. चांदीचा रुपयाही त्याच वजनाचा. बारा माशांचा तोळा, म्हणून एक मासा १५ ग्रेनचा. (मासा म्हणजे वजनाचा मासा. आमच्या खाडीतला नव्हे!) आज सराफ दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतो, पण जुना तोळा साडेअकरा ग्रॅमहून थोडा जास्त होता. या लेखात मी तोच धरणार आहे. ‘१५५ ग्रेन’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काही येत नाही. ‘दहा मासे आणि वर थोडे’ म्हटले की आजीच्या कानातली कुडी हातात घेतल्यासारखे वजन कळते.

पंचवीस टांक

अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त शाही बंदुकखान्यावर स्वतंत्र प्रकरणे लिहिली आहेत. ती वाचताना आपण एखाद्या कारखान्याची नोंदवही चाळतो आहोत असे वाटते. बंदुकीला लोखंड किती लागले, कारागीर कोण, जागा कोणती, तारीख काय, हे सारे बंदुकीवर कोरले जाई. गोळीचे वजनही ठरलेले होते. लांब बंदुकीसाठी जास्तीत जास्त २५ टांक, लहान बंदुकीसाठी १५ टांक. पुढे अबुल फजल सांगतो की २५ टांकांची गोळी झाडण्याची हिंमत खुद्द बादशहाखेरीज कुणी करत नसे.

पाच टांक म्हणजे तांब्याच्या एका दामाचे वजन. या हिशेबाने २५ टांकांची गोळी शंभर ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सुमारे नऊ तोळे भरते. एवढे शिसे पुढे फेकायचे तर तेवढाच दणका खांद्याला मागे सोसावा लागतो. अबुल फजलच्या वाक्यात खुशामत आहे हे उघडच आहे. पण खुशामतीसाठी त्याने कोणती गोष्ट निवडली ते पाहा. जड गोळी पेलणे हे थोरवीचे माप होते.

अकबराच्या आवडत्या बंदुकीचे नाव ‘संग्राम’. चितोडच्या वेढ्यात, १५६८च्या सुरुवातीला, तटाची डागडुजी करवून घेणारी एक व्यक्ती त्याला दिसली. अंगात हजारमेखी चिलखत, म्हणजे कुणीतरी मोठा सरदार असणार. अकबराने संग्राम उचलली आणि बार काढला. किल्ल्याचा रक्षक जयमल त्या गोळीने पडला, असे मुघल इतिहासकार लिहितात.

तेव्हाच्या बहुतेक बंदुका आतून गुळगुळीत असत. गोळी नळीपेक्षा जराशी लहान ठेवावी लागे, नाहीतर ती वरून आत जाणारच नाही. मग बार उडाला की गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे. शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्या बाजूला ती भरकटे. अशा हत्याराने शंभर पावलांपलीकडे नेम धरणे हे कौशल्यापेक्षा नशिबावर जास्त अवलंबून असे. पानिपतावर १७६१ साली इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी मराठ्यांच्या बाजूने लढल्या, त्याही अशाच बंदुका घेऊन. गारद्यांचा जोर होता तो शिस्तीने एकदम बार काढण्यात. एकट्याच्या नेमाला तिथे फारसे महत्त्व नव्हते.

गोळी लांब झाली

नळीच्या आत मळसूत्रासारखे आटे पाडले तर गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते, हे युरोपातल्या कारागिरांना फार पूर्वीपासून माहीत होते. अडचण भरण्याची होती. आट्यांत घट्ट बसेल अशी गोळी वरून ठोकत आत ढकलायला वेळ लागे, आणि लढाईत तेवढा वेळ कुठला?

१८४९ साली क्लोद एतिएन मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने तोड पुढे आणली. गोळी गोल ठेवायची नाही, लांबट करायची, आणि तिचे बूड पोकळ ठेवायचे. ती सहज आत सरकते, आणि दारू पेटली की बूड फुगून आट्यांत रुतते. या बदलाचा दुसरा परिणाम आपल्या विषयाचा कणा आहे. गोल गोळीचे वजन वाढवायचे तर तिची जाडी वाढवावी लागते, आणि मग नळीही जाड लागते. लांबट गोळीचे तसे नाही. जाडी तीच ठेवून लांबी वाढवली की वजन वाढते. म्हणजे एकाच बंदुकीसाठी वेगवेगळ्या वजनांच्या गोळ्या शक्य झाल्या. ‘कोणती घ्यावी?’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हा जन्मला.

ब्रिटिशांनी याच तत्त्वावर १८५३ची एन्फील्ड रायफल केली. तिची गोळी ५३० ग्रेनची, तीन तोळ्यांना किंचित कमी. जुन्या बंदुकीला शंभर यार्ड म्हणजे पुष्कळ झाले. ही रायफल कित्येक शे यार्डांवरचा माणूस टिपू शके. हिंदुस्थानात ती आली आणि तिच्या काडतुसाच्या चरबीवरून काय झाले ते शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. गाय आणि डुक्कर या दोन्ही नावांनी हिंदू आणि मुसलमान शिपाई एकाच वेळी दुखावले गेले आणि एकत्र उठले.

त्यानंतरची गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकात सहसा नसते. उठाव मोडल्यावर हिंदी पलटणींसाठी एन्फील्डसारखीच दिसणारी वेगळी बंदूक बनवण्यात आली. बाहेरून तीच, पण आतून गुळगुळीत. आटे काढून टाकले होते. शिपायाच्या हातात बंदूक राहिली, दारू राहिली, शिसे राहिले. काढून घेतला तो नेम! पुढेही गोऱ्या पलटणींना नवी रायफल मिळाली की त्यांची जुनी रायफल हिंदी पलटणींकडे, ही रीत कित्येक वर्षे चालली.

कोल्हापूरचा चषक

त्याच सुमारास इंग्लंडात नेमबाजी हा राष्ट्रीय छंद होत होता. १८६० साली विम्बल्डनच्या माळावर नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा झाली आणि राणी व्हिक्टोरियाने पहिला बार काढला. रायफल व्हिटवर्थची होती, अंतर ४०० यार्ड. रायफल आधीच नेम धरून पक्की बसवलेली होती. राणीने फक्त दोरी ओढली.

याच स्पर्धेत १८७१ पासून एक चषक खेळला जाऊ लागला. त्याचे नाव ‘कोलापोर कप’. हे कोलापोर म्हणजे आपले कोल्हापूर. महाराजांच्या नावाने दिलेला हा चषक ब्रिटन आणि तिच्या वसाहतींच्या संघांसाठी होता. विम्बल्डनहून ही स्पर्धा १८९० साली सरे परगण्यातल्या बिस्ली गावी गेली आणि आजही तिथे भरते. आठ नेमबाजांचा एक संघ, ३००, ५०० आणि ६०० यार्ड ही तीन अंतरे, प्रत्येक अंतरावर प्रत्येकाच्या दहा मोजक्या गोळ्या. कॅनडाचे नेमबाज कोलापोर हे नाव ज्या सहजतेने घेतात त्या सहजतेने आपल्याकडे ते कुणी घेत नाही, कारण आपल्याकडे ते फारसे कुणाला ठाऊकच नाही.

त्या वेळी गादीवर होते छत्रपती राजाराम महाराज (दुसरे). विशीतला, इंग्रजी शिकलेला हा राजा १८७० साली इंग्लंडला गेला. त्याने प्रवासाची रोजनिशी लिहिली, जी पुढे छापली गेली. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्स शहरी त्याचा अंत झाला. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्याला अग्नी दिला. तिथे आज त्याची छत्री आणि अर्धपुतळा आहे, आणि जवळच्या पुलालाही ‘इंडियानो’ हेच नाव आहे. कोल्हापूरच्या नावाने पहिला बार निघाला तेव्हा तो राजा हयात नव्हता.

राजा गेला, चषक राहिला. इकडे १८७८ साली लॉर्ड लिटनच्या सरकारने शस्त्रांचा कायदा आणला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईना. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. म्हणजे कोल्हापूरचे नाव कोरलेल्या चषकासाठी टोरोंटोचा शेतकरी रायफल उचलू शकत होता, पण पन्हाळ्याच्या पायथ्याचा शेतकरी नाही. पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून चालू होता. तिथल्या काडतुसांच्या बुडाशी ‘के एफ’ अशी इंग्रजी अक्षरे उमटवत. गोळी बनवणारे हात मराठी होते. तिचे वजन ठरवणारे आणि तिने नेम साधणारे बहुतेक दुसरेच होते.

तोळ्याखाली

एकाच चषकासाठी दीडशे वर्षे नेमबाजी होत आली, त्यामुळे गोळीच्या वजनाचा प्रवास या चषकाच्या आधाराने छान मांडता येतो.

१८७१ साली ब्रिटिश सैन्याकडे स्नायडर रायफल होती आणि त्याच वर्षी मार्टिनी-हेन्री स्वीकारली गेली. दोन्हींची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे बरोबर दोन तोळे आठ मासे. शतक संपता संपता धूर न करणारी दारू आली, नळी बारीक झाली आणि ‘थ्री-नॉट-थ्री’चे युग सुरू झाले. तिची गोळी आधी २१५ ग्रेनची होती : एक तोळा आणि सव्वादोन मासे. टोक बोथट, गोलसर. १९०५ साली जर्मनांनी आपली २२७ ग्रेनची बोथट गोळी टाकून १५४ ग्रेनची अणकुचीदार गोळी घेतली. हलकी झाल्याने ती वेगवान झाली आणि अणकुचीदार असल्याने हवा सहज कापू लागली. ब्रिटिशांनी १९१० साली उत्तर दिले ते १७४ ग्रेनच्या टोकदार गोळीने. तिच्या टोकात शिशाऐवजी ॲल्युमिनियम भरलेले असे. गोळी प्रथमच तोळ्याच्या आत आली, सहा ग्रेनने का होईना. दुसऱ्या महायुद्धानंतर ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसात ती १४५ ग्रेनच्या आसपास उतरली. आज बिस्लीच्या पारंपरिक टार्गेट रायफल प्रकारात ती १५५ ग्रेनची असते. दहा मासे आणि वर थोडे.

म्हणजे अकबराचे नऊ तोळे, एन्फील्डचे तीन, मार्टिनीचे पावणेतीन, आणि आज तोळ्यालाही कमी. जे माप थोरवीचे होते ते उतरत गेले, आणि पल्ला मात्र वाढत गेला. हे कसे?

भरलेला ट्रक आणि रिकामा ट्रक

सायन-पनवेल महामार्गावर एकाच मापाचे दोन ट्रक एकाच वेगाने येत आहेत असे समजा. एक मालाने भरलेला, दुसरा रिकामा. दोघांनी एकदम इंजिन बंद केले तर कोण लांब जाईल? भरलेला. समोरून अडवणारी हवा दोघांना सारखीच आहे, पण जडाचा जोर लवकर ओसरत नाही. गोळीचेही तसेच. जाडी सारखी असेल तर जड गोळी आपला वेग जास्त टिकवते, आणि आडवा वारा तिला कमी ढकलतो.

लांब पल्ल्याच्या नेमबाजीत खरा शत्रू वाराच. १००० यार्ड म्हणजे ९१४ मीटर, जवळजवळ एक किलोमीटर. तेवढे जायला गोळीला दीड सेकंदाच्या आसपास लागते. ताशी दहा मैलांचा आडवा वारा असेल तर १५५ ग्रेनची गोळी तेवढ्या वेळात दोन मीटरहून जास्त सरकते. लक्ष्याचा मधला काळा भाग त्या मानाने लहान असतो. नेम कितीही पक्का असो, वारा वाचता आला नाही तर गोळी फलकाबाहेर.

मग जडच गोळी घ्यावी, असे कुणीही म्हणेल. इथे तीन अडचणी उभ्या राहतात.

पहिली वेगाची. काडतुसात दारू किती मावते आणि नळी किती दाब सोसते याला मर्यादा आहे. तेवढ्याच जोराने जड गोळी ढकलली तर ती सुरुवातीलाच हळू निघते. भरलेला ट्रक लांब जातो खरा, पण त्याला तेवढा वेग आधी द्यावा लागतो.

दुसरी अडचण भोवऱ्याची. बुटका भोवरा बेताच्या गतीनेही उभा राहतो, उंच भोवऱ्याला जाळी जोरात ओढावी लागते. जड गोळी म्हणजे लांब गोळी, आणि तिला सरळ ठेवायला नळीचे आटे जास्त पिळाचे लागतात. आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल या गणितज्ञाने १८७९ साली यासाठी एक सोपे सूत्र दिले : गोळीच्या जाडीचा वर्ग करा, १५० ने गुणा आणि गोळीच्या लांबीने भागा. सारी मापे इंचांत. जाडी ०.३०८ इंच आणि लांबी १.२ इंच घेतली तर उत्तर येते १२ च्या आसपास. म्हणजे बारा इंचांत एक पूर्ण फेरा देणारी नळी हवी. गोळी याहून लांब घेतली तर फेरा दहा इंचांवर आणावा लागेल, म्हणजे नळीच बदलावी लागेल. वजन निवडणे म्हणजे नळीही निवडणे, ते असे.

तिसरी अडचण आवाजाची. गोळी निघताना आवाजाच्या कितीतरी पुढे असते. हवा तिला रोखत जाते आणि लांबवर कुठेतरी तिचा वेग आवाजाच्या वेगाला येऊन भिडतो. त्या टप्प्यावर काही गोळ्या डगमगतात. १६८ ग्रेनची एक प्रसिद्ध गोळी ३०० मीटरच्या स्पर्धेसाठी बनवली होती आणि ६०० यार्डांपर्यंत ती उत्तम चाले. १००० यार्डांवर मात्र ती याच टप्प्यात अडखळू लागली. तिच्याहून हलकी १५५ ग्रेनची गोळी वेगळ्या आकारामुळे आणि जास्त वेगामुळे तो पल्ला नीट पार करते. तिच्याहून जड १७५ ग्रेनचीही करते. मधली अडखळते. केवळ वजनाचा आकडा बघून भागत नाही ते यामुळे.

आणि शेवटी खांदा आहेच. एका दिवसात पन्नास-साठ बार काढायचे असतात. जड गोळीचा धक्का दरवेळी थोडा जास्त बसतो. दुपारपर्यंत शरीर नकळत बार उडण्याआधीच आकसू लागते, आणि नेम तिथेच जातो.

नियमाने बांधलेले वजन

इतका सारा विचार करून प्रत्येकाने आपापली गोळी निवडली तर काय होईल? ज्याच्याकडे पैसा जास्त, त्याच्याकडे चांगली नळी, उत्तम गोळी, नेमका काटा. म्हणून टार्गेट रायफलच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी वजनालाच कुंपण घातले. ७.६२ मिलिमीटरच्या (.३०८) रायफलला गोळी १५६ ग्रेनपेक्षा कमी हवी आणि लहान .२२३ रायफलला ८१ ग्रेनपेक्षा कमी. बिस्लीला तर बरीच वर्षे काडतुसे आयोजकच देत. सगळ्यांना एकच गोळी. मग फरक उरतो तो वारा वाचणाऱ्या डोळ्यांचा, श्वासाचा आणि बोटाचा.

यालाच समांतर दुसरा एक प्रकार वाढला. जॉर्ज फार्क्वारसन या कॅनडियन नेमबाजाच्या आद्याक्षरावरून त्याचे नाव ‘एफ-क्लास’. त्यात रायफलला टेकू आणि दुर्बीण चालते. त्यातल्या .३०८ रायफलींच्या गटात वजनाला कुंपण नाही. तिथे लोक २०० ग्रेनच्या वर गेले आहेत. म्हणजे पुन्हा तोळ्याच्या पलीकडे! घरी काडतूस भरणारे हे लोक प्रत्येक गोळी काट्यावर ठेवतात आणि ग्रेनच्या दहाव्या हिश्श्याचा फरकही वेगळा काढतात. सराफकट्ट्यावर चालते तशीच ही जोखणी.

दोन्ही प्रकारांना आपापली बाजू आहे. एक म्हणतो, साधन सारखे ठेवा आणि माणूस पाहा. दुसरा म्हणतो, साधन निवडण्याची अक्कल हाही माणसाचाच भाग. मला स्वतःला पहिली बाजू जवळची वाटते. वर्गात सर्वांना एकच प्रश्नपत्रिका द्यायची सवय असलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षाही करू नये.

सभापती आणि रायफल

स्वातंत्र्यानंतर हे चित्र बदलायला एक अनपेक्षित माणूस पुढे आला. गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, कर्मभूमी अहमदाबाद, वकील, खादीधारी, गांधीजींच्या सहवासातले. या माणसाने १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना केली. राष्ट्रीय स्पर्धेआधीच्या स्पर्धेला आजही मावळंकरांचेच नाव आहे.

अहिंसेच्या पाईकाने रायफलची संघटना काढावी हे वरवर विचित्र वाटते. पण १८५७ नंतरची ती गुळगुळीत बंदूक आणि १८७८चा कायदा आठवला की त्यातली विसंगती विरते. काँग्रेसच्या १९३१च्या कराची ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. मुद्दा हिंसेचा नव्हता, विश्वासाचा होता. ज्या समाजावर राज्यकर्त्यांचा विश्वास नसतो त्याच्या हातून आधी नेम काढून घेतला जातो. स्वतंत्र देशाने तो खेळाच्या रूपाने परत द्यावा, यात मला तरी गांधीविचाराशी भांडण दिसत नाही.

पावणेतीन माशांचे पदक

आता पुन्हा कोल्हापूर. २०१० साली म्युनिकच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कोल्हापूरची तेजस्विनी सावंत ५० मीटर रायफल प्रोनमध्ये विश्वविजेती झाली. २०१८च्या आशियाई खेळांत कोल्हापूरच्याच राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण घेतले. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. अंतिम फेरीचे गुण ४५१.४. या प्रकारातले भारताचे ते पहिलेच ऑलिंपिक पदक. प्रशिक्षक दीपाली देशपांडे, नोकरी तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची, वडील शिक्षक. चषकावर फक्त नाव असलेल्या मुलखाने स्वतःच्या हाताने पदक आणले.

तेजस्विनी आणि स्वप्नील यांच्या या ५० मीटर रायफल प्रकारांत गोळी असते .२२ची, ४० ग्रेनची : पावणेतीन माशांनाही थोडी कमी. इथे वजनाची निवड जवळजवळ उरलेलीच नाही, कारण स्पर्धेच्या सर्व उत्तम गोळ्या याच वजनाच्या. ती मुद्दाम आवाजाच्या वेगाखालीच ठेवतात, म्हणजे मघाची डगमग उद्भवतच नाही. मग निवडायचे काय? लॉट, म्हणजे एकदम तयार झालेला काडतुसांचा एक घाणा. एकाच कंपनीच्या, एकाच वजनाच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. रायफल पकडीत घट्ट बसवून दहा-दहा बार काढतात आणि कोणत्या लॉटची भोके सर्वांत जवळ पडली ते पाहतात. पन्नास मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ असते १०.४ मिलिमीटरचे, आपल्या शर्टाच्या बटणाएवढे.

दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये गोळी आणखी लहान. तिला छर्रा म्हणतात. वजन अर्ध्या ग्रॅमच्या जरा वर, अर्ध्या माशाला थोडे जास्त. तिथे दहाचे वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचे, शाईच्या ठिपक्याएवढे. आमच्या कामोठ्याहून रिक्षाने जाता येईल इतक्या जवळ, पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत, सुमा शिरूर यांनी ‘लक्ष्य’ शूटिंग क्लब उभा केला. २००४च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत एअर रायफलमध्ये ४०० पैकी ४०० गुण मिळवणाऱ्या आणि त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या नेमबाज. पॅरालिंपिक सुवर्णविजेती अवनी लेखरा हिलाही त्यांनीच घडवले.

वर्गात हा विषय निघाला की मुले हमखास विचारतात, “सर, एवढ्याशा गोळीने काय होणार?” मी त्यांना अबुल फजलची गोष्ट सांगतो. नऊ तोळ्यांची गोळी एकटा बादशहा उचलू शकत होता, आणि त्याच्या प्रजेला त्यात पाहण्यापलीकडे काही नव्हते. अर्ध्या माशाचा छर्रा दहावीतली कोणतीही मुलगी उचलू शकते. तिच्या आणि ऑलिंपिकच्या मध्ये वजन उभे नाही. उभी आहे ती रायफलची किंमत, सरावाच्या जागेचे भाडे, रोजच्या छऱ्यांचा खर्च आणि घरच्यांची परवानगी. पहिल्या तीन गोष्टींसाठी शासन, शाळा आणि समाज यांनी हात पुढे करायला हवा. चौथीसाठी आपल्या मोहल्ल्यात, आपल्या घरात बोलायला हवे. ते काम आपले आहे आणि त्याला कुणाचा परवाना लागत नाही.